क्रेनच्या तेलात पाणी कुणी घातलं

५ जानेवारी

दाजी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही नेहमीसारखी कुणाची तरी पॅन्ट आखूड करत असाल आणि तोंडात टाचण्या धरून ताईशी भांडत असाल, असं धरून चालतो. टाचण्या आधी काढा. मागच्या पत्राला हसलात आणि एक ओठात घुसली, असं ताईनं कळवलं होतं. शिंप्याला टाचणी टोचली याचा आनंद मला चार दिवस पुरला.

बेकरी, टायरचं दुकान, लिफ्टवाले, सगळीकडून हा तुमचा भिंगऱ्या मेहुणा पळाला, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकांनाही तुम्ही ते माप घेता घेता ऐकवता, हेही मला माहीत आहे. तर आता त्यांना पुढचं ऐकवा. मी हेल्पर राहिलो नाही. परीक्षा दिली, पास झालो आणि क्रेन चालवायचं लायसन्स मिळालं. त्यावर माझा फोटो आहे. माझा फोटो छापलाय आणि खाली 'हरवला आहे' असं लिहिलेलं नाही, हे आपल्या घरात पहिल्यांदाच घडतंय.

काम पुलाचं आहे. नदीत खांब उभे आहेत, त्यांच्यावर लोखंडी गर्डर चढवायचे. एकेक गर्डर आपल्या गल्लीत आडवा टाकला तर गल्ली बंद होईल एवढा. मी वर केबिनमध्ये. खाली एक जण उभा राहून हातानं खुणा करतो, वर घे, खाली घे, थांब, कारण इंजिन चालू असलं की केबिनमध्ये कुणाचा आवाज येत नाही. त्याला सगळे हातवारे म्हणतात. गडी जेवतानाही हातानंच बोलतो. मीठ मागितलं तरी वाटतं गर्डर उतरवायला सांगतोय.

आता दुखणं. क्रेनची सगळी ताकद तेलात असते. टाकीतलं तेल पंप जोरानं नळ्यांत ढकलतो, तेव्हा कुठे तिचा हात वर जातो. ते तेल मधासारखं दिसायला हवं. आमचं झालंय दूध जास्त झालेल्या चहासारखं. आमच्या म्हाताऱ्या फिटरकाकांनी बाटलीत काढून उजेडात धरलं आणि म्हणाले, "पाणी शिरलंय." पाणी शिरलं की तेलाला जोर धरवत नाही. क्रेनचा हात वर केला तर थोड्या वेळानं आपोआप खाली येऊ लागतो, वर्गात उत्तर येत नसलेल्या पोरासारखा. त्या पोराचं दुःख मला कळतं.

आमच्या साहेबांना सगळे लवकर साहेब म्हणतात, कारण तो एकच शब्द त्यांना येतो. ते आले.

"पाणी आलं कुठून?"

"शोधावं लागेल," फिटरकाका म्हणाले. "टाकी रिकामी करायची, धुवायची, झाकणं, नळ्या, सगळं बघायचं."

"म्हणजे क्रेन उभी राहणार?"

"राहणार."

साहेबांनी विचार केला. म्हणजे घड्याळ बघितलं. "मग पाणी शिरलेलं नाही," ते म्हणाले. "पाणी घातलंय. हा घातपात आहे."

झालं. जुनं तेल काढून नवीन भरलं, टाकी न धुता. झाकणाला कुलूप. कुलपाला वॉचमन. वॉचमनला खुर्ची. खुर्चीला छत्री. शोध घ्यायला वेळ नव्हता, पण छत्री आणायला गाडी पाठवली.

इथे फोन लागत नाही. पत्र डिझेलच्या टँकरवाल्याकडे देतोय, त्याची मर्जी असेल तेव्हा पोचेल. ताईला सांगा, काम बसून आहे.

आपला,
लायसन्सधारक मेहुणा


१४ जानेवारी

श्रीमान लायसन्सधारक यांच्या सेवेशी,

पत्र पोचलं. पाकिटाला डिझेलचा वास येत होता, त्यामुळे तुझी ताई ते देव्हाऱ्यात ठेवणार होती ते टळलं. लायसन्सचं ऐकून ती घरोघर सांगत सुटली आहे. मी फक्त एवढंच विचारलं की फोटोत डोळे उघडे आहेत ना, तर मला जेवायला दुपार उलटल्यावर मिळालं.

आता तुमच्या त्या तेलाबद्दल. तू म्हणशील, शिंप्याला काय कळतं. राजे, मशीन म्हणजे मशीन. तुझं गर्डर उचलतं, माझं बाह्या जोडतं. तेल दोघांनाही लागतं. मागे माझं मशीन अडकायला लागलं होतं ते आठवतंय? मी दोऱ्याला शिव्या दिल्या, सुया बदलल्या, ज्या दुकानातून ते घेतलं त्याच्याशी कायमचं वैर घेतलं. शेवटी कळलं की तुझी ताई कुपीतलं तेल संपलं म्हणून त्यात खोबरेल भरून ठेवत होती. वर म्हणाली, "तेल ते तेल, डोक्याला चालतं तर लोखंडाला का नाही?"

तेव्हा माझा अनुभव सांगतो: ज्याच्या हातात कुपी, त्याच्यावर नजर ठेव. तुमच्याकडे कुपी कुणाच्या हातात? फिटरच्या. हा म्हातारा बाटली उजेडात धरून फार विद्वान चेहरा करतो, असं दिसतंय. विद्वान चेहऱ्याची माणसं मला कधी पटली नाहीत. आपला साडूच बघ.

सल्ला फुकट आहे म्हणून कचऱ्यात टाकू नकोस.

तुझा,
दाजी

ता. क. ताईला चार ओळी लिहायच्या आहेत. लिहिताना मला सरकवून बसली आहे.

बाळा, तिकडे ओल फार असते म्हणतात. कपडे वाळतात का? दमट बनियन अंगात घालू नकोस, तुझी छाती लगेच भरते. लायसन्स खिशात घेऊन हिंडू नकोस, पेटीत ठेव. यांचं फार मनावर घेऊ नकोस. खोबरेल एकदाच भरलं होतं. ताई.


२४ जानेवारी

गुप्तहेरखात्याचे प्रमुख दाजी यांना,

तुमच्या हुकमाप्रमाणे मी फिटरकाकांवर नजर ठेवली. अहवाल पुढीलप्रमाणे. ते बोल्ट आवळायचे पाने पुसतात. पाने पुसून झाले की पेटीत ठेवतात. पेटीत ठेवलेले पाने पुन्हा काढून पुसतात. हा माणूस घातपात करत असेल तर तो फडक्याचा.

पण एक बघितलं, आणि त्याला तुमची थट्टा चालणार नाही. मी केबिनमध्ये वाकून सीटखाली पडलेली पेन्सिल शोधत होतो. साहेबांना वाटलं वर कुणी नाही. इंजिन बंद होतं आणि खाली फिटरकाका पंपापाशी होते.

पंपाजवळ एक स्क्रू असतो. तेलाला किती दाब चढू द्यायचा, ते तो ठरवतो. क्रेन बनवणारे तो बसवून, तारेनं बांधून, वर शिशाचं सील ठोकून देतात, म्हणजे कुणी हात लावू नये. दाब वाढवला तर क्रेनला अंगापेक्षा जास्त जोर येतो. आणि वजन जास्त झालं की केबिनमध्ये एक भोंगा बोंबलतो. दोन्ही गोष्टी मला वरून दिसतात, म्हणून सांगतो.

साहेब म्हणाले, "क्रेन जोर धरत नाही तर स्क्रू आवळा."

"सील आहे, साहेब."

"तोडा."

"तेल खराब आहे म्हणून ती दमतेय. दमलेल्याला चाबूक मारून काय होणार? पेलणार नाही ते वजनही उचलायला जाईल."

"म्हणजे चांगलंच की!"

"आणि मोडेल."

"तुम्ही फार नकारात्मक बोलता," साहेब म्हणाले. "शेवटचा गर्डर सगळ्यात जड आहे. तो चढताना बघायला कंपनीची वरची माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर भोंगा वाजला तर बरं दिसेल का?"

फिटरकाकांनी पाना पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. "हे हात ते सील तोडणार नाहीत," एवढंच बोलले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गेले.

तर दाजी, अख्ख्या साइटवर मशीनमध्ये लुडबूड करायला नाही म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि तुम्ही मला पाठवलं होतं त्याच्यामागे.

दुसरी बातमी म्हणजे कुलूप, वॉचमन, खुर्ची, छत्री एवढं सगळं असूनही नवीन तेल पुन्हा चहाच्या रंगाचं झालं. आता साहेब हिशोब करतात की टाकीजवळ जातं कोण. वॉचमन, फिटरकाका आणि मी. वॉचमन साहेबांनी स्वतः नेमला, म्हणजे तो नाही. राहिलो आम्ही दोघं. त्यातला एक साहेबांना नाही म्हणालाय. बघा काय होतं ते.

ताईला सांगा, कपड्यांची काळजी करू नको. इथे धुकं दिवसभर उठत नाही, दोरीवरचा शर्ट आठवडाभर ओलाच राहतो. पण कामावरून उतरलो की क्रेनची तेलाची टाकी तव्यासारखी तापलेली असते. सगळी गँग धुणं तिच्यावर टाकते. वर एक दोरीही बांधलीय. सकाळी बनियन असं कडक निघतं की घडी करताना मोडेल असं वाटतं. तुमच्या दुकानातली इस्त्री याच्यापुढे काहीच नाही.

तुमचा,
नंबर दोनचा संशयित


२ फेब्रुवारी

प्रिय संशयित नंबर दोन,

सगळ्या गँगचं धुणं त्याच टाकीवर वाळतं, ज्या टाकीत पाणी कुठून येतं ते कुणालाच कळत नाही? वा! मग वॉचमन कशाला, साहेब कशाला? तुमच्या चड्ड्या गळतायत आत! धरा त्या चड्ड्यांना, हातकड्या घाला, कोर्टात उभं करा. साक्षीला तुझं बनियन आहेच, कडक आहे म्हणतोस, उलटतपासणीत मोडणार नाही.

हे मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. माप द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याची छाती चार बोटं जास्त मोजली गेली. कोट आता ढगळ होणार, त्याचं पाप तुझ्या माथी.

बरं, आता थट्टा पुरे. माझा संशय वॉचमनवर आहे. ज्याला खुर्ची आणि छत्री मिळते त्याला ती जाऊ नये असं वाटतं. घातपात थांबला तर त्याची खुर्ची गेली. विचार कर. आणि फिटरच्या भानगडीत पडू नकोस. त्याचं वय झालंय, त्याला नाही म्हणायला परवडतं. तुला आत्ता कुठे खुर्ची मिळालीय.

तुझा,
दाजी

बाळा, कपडे वाळतात हे वाचून बरं वाटलं. पण तेलाचा वास येत असेल. साबण जास्त लाव. ताई.


१३ फेब्रुवारी

दाजी,

तुम्ही बरोबर होतात. हे मी थट्टेनं लिहीत नाही. चड्ड्याच होत्या.

तुमचं पत्र वाचून मीही हसलो. मग जेवताना घास हातात तसाच राहिला. जेवण टाकून टाकीवर चढलो. टाकीला श्वास घ्यायला वर एक टोपी असते, वाटीएवढी. तेल तापलं की आतली हवा तिच्यातून बाहेर जाते, निवलं की बाहेरची आत येते. माणसासारखंच. आमच्या धुण्याच्या दोरीचं एक टोक कुणी तरी त्याच टोपीला बांधलं होतं. ओल्या कपड्यांच्या ओझ्यानं टोपी एका बाजूनं उचलली गेली होती आणि तिला चीर पडली होती. टाकीच्या माथ्यावर कपड्यांतून गळलेलं पाणी साचलेलं. क्रेन थंड होताना श्वास घेते आणि ते पाणी ओढून घेते. टोपी काढून बघितली तर आतल्या जाळीवर निळसर डाग. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाची नीळ. बाजूला मोठं झाकण, त्यावर साहेबांचं कुलूप, चकचकीत. आणि श्वासाच्या टोपीवर खुद्द वॉचमनचे मोजे. घातपात्यांपासून टाकी राखणाऱ्याचे.

टोपी हातात घेऊन साहेबांकडे गेलो.

"हे बघा. घातपात नाही. धुणं आहे."

"कसलं धुणं?"

"आमचं. चड्ड्या, बनियनं. हे वॉचमनचे मोजे."

साहेबांनी मोजे बघितले, मग माझ्याकडे. "मी वर कळवलंय, घातपात. आता काय कळवू? चड्डी?"

"खरं ते कळवा."

"विम्याच्या माणसाला चड्डी सांगू? त्याच्या फॉर्मात चड्डीला रकाना नाही. घातपाताला आहे." आणि टोपी माझ्या हातातून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकली. वर सांगितलं, "माणूसही कळवलाय. फिटर. त्याला खोलीत बसवलंय. गर्डर चढला की पोलिसांत देऊ. तू लायसन्स सांभाळ."

मी गँगला म्हणालो, चला सगळे, साहेबांना सांगू की धुणं आपलं. तर कुणी म्हणालं, मी कपडेच धूत नाही. आणि खरंच, त्याचा वास घेतला तर पटेल. दुसऱ्या दिवशी टाकीवर एक रुमालसुद्धा नव्हता, दोरीही गेली. हातवारे माझ्यापुढे नुसते हात जोडून उभा राहिला. त्याचा अर्थ लायसन्सच्या परीक्षेत शिकवला नव्हता, पण कळला.

मग दुसऱ्या साइटवरून एक पाहुणा फिटर आणला. सील तोडायला त्याला चहाचा कप संपायचा वेळही लागला नाही. स्क्रू आवळला. भोंग्याची तार ओढून काढली आणि खिशात घातली, आठवण म्हणून असेल. तेल तेच, चहाच्या रंगाचं. आता क्रेन हात जोरात वर नेते आणि वर गेल्यावर हात थरथरतो. दारू पिऊन व्यायामाला आलेल्या माणसासारखा.

शेवटचा गर्डर मार्चच्या सुरुवातीला. मी नाही म्हणालो तर दुसरा ऑपरेटर तयार आहे, त्याला भोंगा काढलाय हे कुणी सांगणारही नाही. म्हणजे माझ्या नाही म्हणण्यानं क्रेनला काही फरक पडत नाही, फक्त मला पडतो. फिटरकाका खोलीच्या खिडकीतून दिसतात. पेटी काढून घेतलीय, त्यामुळे हात रिकामे. आता चष्मा पुसतात.

काय करू ते सांगा. तुमचा सल्ला एकदा लागू पडलाय.

भिंगऱ्या


२२ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

"तुम्ही बरोबर होतात, चड्ड्याच होत्या." छान. मेहुण्यानं दाजीची टिंगल करावी हा तुझा हक्कच आहे, पण निळीचा डाग, वॉचमनचे मोजे, एवढं रचायचे कष्ट घेतलेस, तर त्या अकलेनं शाळा तरी पुरी झाली असती. मी गमतीत एक वाक्य लिहिलं आणि तू मला दुकानभर मूर्ख ठरवलंस. ठीक आहे. तो ढगळ कोट माझ्याच अंगावर आलाय, गिऱ्हाइकानं परत केला.

मोज्यांची गोष्ट तू रचलेली असशील, पण सील आणि भोंग्याचं मात्र खरं असेल. तेवढ्यापुरतं गंभीर होऊन सांगतो. गप्प बस. आयुष्यात एकदा एका जागी बसून दाखव. गिऱ्हाईक म्हणालं आखूड कर, मी आखूड करतो. त्याचे घोटे उघडे पडले तर त्याचे घोटे. साहेब म्हणतात उचल, तू उचल. काही झालं तर तुझ्या हातात लायसन्स आहे, सील तू तोडलेलं नाहीस. फिटरला वकील मिळेल. तुला दुसरी खुर्ची मिळणार नाही, आणि इकडे परत आलास तर माझ्या दुकानात काजं करायला बसावं लागेल, ते आपल्या दोघांनाही झेपणार नाही.

तुझ्या ताईनं तिच्या ओळी लिहून ठेवल्यात. मला दाखवल्या नाहीत. पाकीट तीच चिकटवणार म्हणते.

दाजी

बाळा, तो गर्डर वर जात असतो तेव्हा खाली कोण उभं असतं? ताई.


४ मार्च

ताई,

आज आधी तुला लिहितो. दाजींनी शेजारी बसून ऐकलं तरी चालेल.

खाली हातवारे उभा असतो.

तुझी ओळ वाचली आणि लक्षात आलं की इतके महिने मी त्याच्या हातांकडे बघतोय, पण त्याला कधी काही विचारलं नाही. मग विचारलं. दोन मुली आहेत. मोठीला उंचीची फार भीती. बाप पुलावर कामाला गेला म्हणून रडायची, तर यानं तिला सांगितलंय, मी वर चढत नाही गं, मी आपला खाली उभा असतो. हे सांगताना तो एवढा खूश होता की मला त्याच्याकडे बघवेना.

आज सकाळपासून खुर्च्या मांडत होते. कापडाचा मांडव, माइक, फुलदाण्या. पाहुणा फिटर बूट पुसून आला होता. मी फिटरकाकांची पेटी ऑफिसमागून उचलली. टाकीच्या बुडाला तेल सोडायचा बोल्ट असतो. खाली रिकामी पिंपं लावली, नाही तर नंतर पुसायला मलाच सांगितलं असतं. बोल्ट सोडला. दुधाचा नळ सोडल्यासारखं तेल पडायला लागलं.

कुणी अडवलं नाही. एकानं तर पिंप धरून ठेवलं. पाहुण्या फिटरनं विचारलं, "कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"मग लवकर आटपा," तो म्हणाला.

साहेब आले तोवर टाकी कोरडी होत आली होती, आणि भरायला साइटवर नवीन तेल उरलं नव्हतं. मांडवात वरची माणसं येऊन बसली होती, माइक चालू होता. साहेब पिंपांकडे बघत राहिले. आज त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

"हे काय आहे?"

"घातपात," मी म्हणालो. "तुम्ही कळवला होता तोच. आता झालाय."

"आधीचं पण तुझंच?"

दाजी, मी खोलीकडे बघितलं. फिटरकाका खिडकीत उभे होते. म्हणून म्हणालो, "हो, आधीचं पण मीच." सगळं खोटं नाही. बनियन माझं होतंच तिथे.

त्यांनी तसं लिहून माझी सही घेतली आणि लायसन्सही काढून घेतलं. पेटीत ठेव असं तू सांगितलं होतंस, तरी ते खिशातच होतं. ते गेल्यापासून मात्र हात सारखा रिकाम्या खिशाकडे जातो. बेकरी सोडली, टायरवाला सोडला, तेव्हा असं काही झालं नव्हतं. या कामावरून मी पळालो नाही, मला काढलं. घरोघर सांगताना एवढा फरक सांगायला विसरू नकोस.

मला सामानाच्या खोलीत बसवलंय. दारावर वॉचमन, तोच, खुर्ची-छत्रीसकट. पोलीस उद्या येतील म्हणतात. फिटरकाकांना सोडलं. त्यांना वर्षानुवर्षं राबवून घेतलं, मग चोर ठरवलं आणि आता "गैरसमज झाला" म्हणून चहा पाजला. जाताना ते इथे आले. मला वाटलं, काही तरी मोठं बोलतील. म्हणाले, "मागच्या बाजूचा बोल्ट सोडायचा होतास. तेल निम्म्या वेळात उतरलं असतं." आणि मी वापरलेला पाना मागून घेतला, पुसला आणि घेऊन गेले.

क्रेन आता ओढून वर्कशॉपला नेतायत. कोरड्या टाकीनं ती चालणारच नाही, तिथे तेल भरण्याआधी पंप उघडून धुवावा लागेल, मग तुटलेलं सील कुणाला दिसेल किंवा दिसणार नाही. मला माहीत नाही. साहेबांना कागदावर घातपात हवा होता, तो मिळाला, माणसासकट, सहीसकट. ते समाधानी दिसले.

आणि ताई, एक खरं सांगतो. मी तेल सोडलं नसतं आणि तो गर्डर उचलला असता, तर कदाचित काहीच झालं नसतं. थरथरत वर गेला असता, खांबावर बसला असता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि मी आज खोलीत नसतो, फोटोत असतो. ते मला कधीच कळणार नाही. दाजी म्हणतील, बघा, कारण नसताना.

दुपारी हातवारे खिडकीशी आला. नवीन शर्ट घातलेला, वरच्या माणसांबरोबर फोटो निघणार होता म्हणून. पहिल्यांदा त्याला तोंडानं बोलताना ऐकलं. वाट लावलीस म्हणाला, वेडा आहेस म्हणाला, तुझ्यासारख्याला कुणी वर बसवलं म्हणाला, आणखीही पुष्कळ म्हणाला, ते तुला लिहिण्यासारखं नाही. हात दोन्ही कमरेवर होते, एकही खूण केली नाही. मग तो वळला आणि त्या रिकाम्या मांडवाकडे निघाला, शिव्या देत, धडधाकट, दोन्ही पायांवर.

तुझा,
भिंगऱ्या